पडद्याअलीकडची माणसं

मी विशेष शिक्षिका आहे. परतूर तालुक्यातल्या शाळांमधून फिरते. बोलायला उशीर झालेली, अक्षरांशी झगडणारी, एका जागी न बसणारी, स्वतःतच रमलेली मुलं पाहते आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलते. २०२० पर्यंत या बोलण्याचा शेवट ठरलेला असायचा : जालन्याला दाखवा, संभाजीनगरला दाखवा, जमलं तर पुण्याला जा. त्या वर्षी २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. त्याच दिवशी केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि फोनवरून, व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याला स्पष्ट नियम मिळाले. पुढे हळूहळू शहरांतले मानसतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आमच्या गावांतल्या मोबाइलवर दिसायला लागले. पुष्कळदा अशा सेशनला मी मुलाशेजारी बसलेली असते. त्या बसण्यातून जे उमजत गेलं, ते इथे मांडते आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून खाणाखुणा बदलल्या आहेत.

१. आमच्याकडे अंतर मजुरीत मोजावं लागतं.

परतूर मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. स्टेशन आहे, मराठवाडा एक्सप्रेस थांबते. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, संभाजीनगर ते काय, सकाळी बसलं की पोचलं. पण थेरपी एकदा जाऊन येण्याने होत नाही, ती आठवड्यामागून आठवडे, महिनोन् महिने चालते. आष्टीकडच्या किंवा वाटूरकडच्या खेड्यातून आधी परतूर गाठायचं, मग गाडी. आईची मजुरी बुडते, सोबत आलेल्याची बुडते, वर तिकीट आणि खाणं. ज्या लेकराला पाच मिनिटं एका जागी बसणं जड, त्याने गर्दीच्या डब्यात तासन् तास काढायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत ते इतकं शिणतं, चिडतं की तज्ज्ञासमोर बसतं ते प्रवासाने पिचलेलं मूल. दोन-चार खेपांनंतर घरं गळतात. त्यांना बेफिकीर म्हणणं फार सोपं आहे, आणि ते खरं नाही.

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या अडचणीच्या, ऑनलाइन उपचारांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांत जिथे बालमनोविकारतज्ज्ञ सहज मिळत नाहीत, अशा ठिकाणची २२३ मुलं त्यात होती. तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर, आणि आईवडिलांना प्रत्यक्ष भेटून शिकवणारा प्रशिक्षित माणूस त्याच गावातला, अशी रचना होती. एकदा तज्ज्ञाचा सल्ला घेऊन पुढे नेहमीच्या डॉक्टरकडेच राहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांत जास्त सुधारणा दिसली. वाचताना वाटलं, ही परतूरचीच हकिकत आहे. शहरात ऑनलाइन थेरपी ही सोय असेल, आमच्याकडे पुष्कळ घरांना मिळालेली ती पहिली थेरपी आहे.

२. थेरपी मुलाची म्हणतात, पण शिकायचं असतं मोठ्यांना.

पाऊण तासाचं सेशन. मूल फोनसमोर कसं बसणार, ही प्रत्येक आईची पहिली काळजी. थेरपिस्ट ताई पडद्यावरून मुलाशी थोडा वेळ खेळतात, गप्पा मारतात आणि मग म्हणतात, ‘आता त्याला खेळू दे, आपण बोलू.’ आई गोंधळते. लेकराला दाखवायला आणलं आणि माझ्याशीच काय बोलताहेत? पण लहान वयात उपचाराचा गाभा हाच असतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात, की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला एडीएचडी असेल तर आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं शिक्षण द्यावं. फिनलंडमध्ये चार वर्षांच्या खूप हट्टी, आक्रमक मुलांच्या ४६४ कुटुंबांचा अभ्यास झाला. निम्म्या पालकांना इंटरनेटवर धडे आणि दर आठवड्याला फोन, एवढंच. त्यांच्या मुलांच्या वागण्यात फरक पडला. २०१६ साली तो अभ्यास छापून आला.

धडे ऐकायला साधे असतात. लांबून हाक मारू नका, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. केलं की लगेच, त्याच क्षणी कौतुक करा. यातलं शेवटचं सर्वांत अवघड जातं. आमच्या घरांत लेकराचं तोंडावर कौतुक करायची रीत नाही. ‘डोक्यावर बसंल,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. सासूसासऱ्यांसमोर ‘शाबास’ म्हणताना बायांचा आवाज अगदी बारीक होतो. तोच आवाज काही आठवड्यांनी मोकळा झालेला ऐकला, की मला मुलाच्या प्रगतीइतकाच आनंद होतो.

३. पडद्यावरून घर दिसतं, आणि घर दिसलं की सल्ला बदलतो.

‘अभ्यासाला शांत खोली ठेवा’ हे दवाखान्यात बसून सांगणं सोपं. फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, तेव्हा थेरपिस्टला सगळं दिसतं : एकच खोली, पलीकडे चूल, अलीकडे टीव्ही, दारात शेळी, वर तापलेले पत्रे. मग शांत खोलीची गोष्ट मागे पडते. तोंड भिंतीकडे करून बसवा, त्या वेळेपुरता टीव्ही बंद, दहा मिनिटं लिहिलं की उठून माठातलं पाणी भरून आण, मग पुन्हा दहा मिनिटं. दिवसाचा क्रम जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चित्रांनी काढायचा आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायचा. एका घरात रेंज येत नव्हती, म्हणून सेशन आखाड्यावर लिंबाखाली व्हायचं. तिथे बैल बांधायचा दोर पाहून ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्याच दोराचा खेळ बसवला : ओढायचा, उड्या मारायच्या, त्याच्यावरून तोल सांभाळत चालायचं. शहरातल्या केंद्रात यासाठी वेगळी सामग्री लागते.

भाषेचंही तसंच. शहरातल्या सगळ्या तज्ज्ञांना आमचं बोलणं लगेच कळतं असं नाही, पण मराठीतून समजावणारं माणूस भेटलं की बायांचे प्रश्न वाढतात, आणि प्रश्न वाढले की उपचार रुजतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे ‘आवाहन’ या यूट्यूब चॅनेलवरचे मराठी व्हिडिओ मी पालकांना पाठवते. शेतातून आलेली माणसं रात्री ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतात. अशी विचारणा हीसुद्धा थेरपीच आहे, असं मी आता मानते.

४. आधी नीट तपासणी, मग नाव.

चंचल मूल दिसलं की हल्ली कुणीही एडीएचडी म्हणून मोकळं होतं. फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून सांगा, असाही आग्रह होतो. तसं सांगता येत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर-शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी आढळावी लागतात. ऐकू कमी येणारं मूलही सांगितलेलं करत नाही. फिट्सच्या एका प्रकारात मूल काही सेकंद टक लावून हरवल्यासारखं राहतं, आणि शिक्षकांना वाटतं लक्ष नाही. झोप अपुरी असेल, अंगात रक्त कमी असेल, घरात रोज भांडणं असतील, तरी मूल भिरभिरतं. म्हणून कान, डोळे, रक्त यांची तपासणी हाताने, समोर बसवून व्हावी लागते.

यासाठी आपल्याकडे एक चांगली वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. जन्मजात दोष, आजार, कमतरता यांच्यासोबत विकासातल्या अडचणीही त्यांनी पाहायच्या असतात. पथक येणार असलं की मी शिक्षकांना विनवते, गडबड करणाऱ्यांसोबत शांत मुलीही पुढे बसवा. गप्प राहून खिडकीबाहेर पाहणारी, वह्या हरवणारी, गरीब म्हणून कौतुक होणारी मुलगी कुणाच्याच यादीत येत नाही. तिलाही एडीएचडी असू शकतो. ती कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिचा त्रास कुणाला दिसत नाही.

५. गोळीची वाट पडद्यावरून जात नाही.

एडीएचडीवर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. आपल्या कायद्यात ते अनुसूची एक्समध्ये आहे आणि मनोप्रभावी औषधांच्या यादीतही. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असं औषध फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते, म्हणून लहान गावात ते सहसा मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन या यादीत नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ते प्रत्येकाला चालतं असंही नाही. म्हणजे थेरपी घरात आली तरी गोळीसाठी गाडी पकडावीच लागते. नियमामागचं कारण मला पटतं, या औषधाचा गैरवापर होऊ शकतो. तरी पाऊस लागलेला असताना, तूर काढणीला आलेली असताना, महिन्याच्या गोळ्यांसाठी निघालेली माणसं पाहिली की जीव तुटतो.

गोळी द्यावी का, हे मी सांगत नाही, ते मनोविकारतज्ज्ञाचं काम. पण बाप मला विचारतोच, ‘ताई, सवय लागंल का? डोकं बधिर होईल का?’ मी त्याला हेच प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवायला सांगते. आणि अमेरिकेतल्या १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगते. ५७९ मुलं, १४ महिने. एडीएचडीची मूळ लक्षणं नुसत्या वागणुकीच्या उपचारांपेक्षा काटेकोरपणे दिलेल्या औषधाने जास्त कमी झाली, आणि औषधाला वागणुकीच्या उपचारांची जोड मिळाली तिथे कमी मात्रेत भागलं. औषधाला घाबरून दूर पळणं आणि औषधावर सगळं सोडून देणं, या दोन्हींच्या मधली वाट घरच्यांना सापडावी, एवढीच माझी धडपड असते.

६. बापाला लेकरात स्वतःचं बालपण दिसतं, तेव्हा घर हलतं.

सुरुवातीच्या सेशनना बहुतेक वेळा बाप नसतो. असला तरी दाराबाहेर. घरातला समज असा, की आईने लाडावलं म्हणून पोरगं वांड झालं. मग थेरपिस्ट विचारतात, घरात आणखी कुणी लहानपणी असं होतं का? एकदा दाराबाहेरून आवाज आला, ‘मीच व्हतो की.’ तो टेम्पो चालवतो. शाळेत मार खाऊन खाऊन त्याने सातवीत दप्तर टाकलं होतं. त्याचा बापही त्याला असाच बदडायचा. त्या दिवशी तो आत येऊन बसला.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांतल्या एडीएचडीच्या फरकाचा जवळपास तीनचतुर्थांश भाग आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. ही माहिती मी पालकांना आधी बिचकत सांगायची. वाटायचं, रक्तातच आहे म्हटल्यावर माणसं हात टेकतील. घडतं ते उलट. आईच्या माथ्यावरचा दोष उतरतो. बापाला आपलं बालपण नव्याने समजतं. जे स्वतःने सोसलं ते लेकराला सोसू द्यायचं नाही, असा निश्चय त्यातून येतो. मार थांबवा असं मी कितीही सांगितलं असतं, तरी त्या टेम्पोवाल्या बापाच्या आठवणीएवढं ते लागू पडलं नसतं.

७. आजीला वगळून काही होत नाही.

आईबाप दिवसभर शेतात. लेकरू आजीजवळ. ‘माय, त्याला आधी दप्तर जागेवर ठेवू द्या, मग खाऊ,’ असं सांगितलं की आजी पदराआड हसते आणि खाऊ आधीच दिलेला असतो. तिच्या लेखी लेकराला नजर लागलेली असते, मीठमोहऱ्या उतरवून झालेल्या असतात. पडद्यावरची बाई तिला परकी. पण घरातला क्रम तिच्याइतका दुसरं कुणी पाळत नाही. देवाला दिवा, शेळीला पाला, भाकरी, निजणं, सगळं वेळच्या वेळी. एका थेरपिस्टने तिच्याच वेळापत्रकाला मुलाचं वेळापत्रक जोडून दिलं : आजी दिवा लावते तेव्हा तू दप्तर भरायचं. घड्याळ लागलं नाही, गजर लागला नाही.

गोव्याची ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते आहे. तिच्या मदतीने गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी एक प्रयोग झाला, २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात पालकांना शिकवणारे लोक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. तरीही आईवडिलांची मुलाला साथ देण्याची रीत बदलली आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. तज्ज्ञ नसलेल्या माणसाला हे झेपणार नाही, असं कुणी म्हटलं की मला ते आरोग्यसेवक आठवतात, आणि दिव्याच्या वेळेला नातवाला हाक मारणारी आमची आजी आठवते.

८. सगळ्यांना एकच पडदा पुरत नाही.

एडीएचडी, स्वमग्नता, अक्षरांची अडचण, या सगळ्यांना आम्ही ‘ऑनलाइन थेरपी’ या एकाच नावाखाली घालतो, पण मुलागणिक पडदा वेगळा वागतो. तीन वर्षांचं स्वमग्न लेकरू फोनकडे फक्त लाल बटण दाबायला येतं. तिथे थेरपिस्ट आईच्या कानातल्या हेडफोनवरून हळू आवाजात सांगत राहतात : तो पेला फिरवतोय ना, तुम्हीही शेजारी बसून पेला फिरवा, आता थांबा, तो तुमच्याकडे बघेल. तो बघतो. उलट एक सोळा वर्षांचा मुलगा माणसांसमोर तोंड उघडत नाही, तो कॅमेरा बंद ठेवून टाइप करतो आणि पानभर लिहितो. डोळ्यांत बघ म्हणून त्याला कुणी सांगत नाही, याचंच त्याला सुख आहे. वाचनाची अडचण असलेल्या मुलांना मात्र मोबाइलच्या छोट्या पडद्यावर अक्षरं दाखवणं फार तोकडं पडतं. तिथे रेतीत, पाटीवर, बोटाने गिरवणं लागतं. ते शेजारी बसलेल्या माणसालाच करावं लागतं.

काही गोष्टींना प्रत्यक्ष जागाच हवी. संभाजीनगरला अंबिका टाकळकर या एका आईनेच ‘आरंभ’ हे स्वमग्न मुलांचं केंद्र उभं केलं. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं ‘उम्मीद’ मुलांवर उपचार करतं आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्यांना शिकवतंही. अशी केंद्रं जवळ यावीत. तोवर पडद्याने जमेल ते पडद्याने, आणि न जमेल ते स्पष्ट सांगून.

९. एका खोलीच्या घरात मनातलं बोलायला जागा नसते.

लहान मुलांच्या सेशनला घर भरलेलं असलं तरी चालतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तेच घर बोलू देत नाही. नियमाप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या फोनवरच्या तपासणीला मोठं माणूस सोबत असावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण सोबत असणं वेगळं आणि कान देऊन बसणं वेगळं. एक मुलगी प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढंच म्हणायची. मग तिला हेडफोन दिले, प्रश्न असे ठेवले की हो-नाहीत उत्तर देता येईल, आणि बाकीचं तिने लिहून पाठवायचं ठरलं. आईशी आधी बोलणं झालं : तुम्ही ओट्यावर बसा, पोरीच्या जिवाला धोका वाटेल अशी गोष्ट असली तर ती तुमच्यापासून लपवली जाणार नाही, बाकी तिचं तिला राहू द्या. आई ओट्यावर बसली, शेंगा फोडत. तिलाही सोपं नव्हतं ते.

आईबापांचाही जीव दमतो. त्यांना मी १४४१६ हा क्रमांक देते. ही ‘टेलिमानस’ची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, दिवसरात्र, मराठीतूनही. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर फोन केला, असं मला बायांनी येऊन सांगितलं आहे.

१०. ऊसतोडीला गेलेलं घरही थेरपी पाळतं.

दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी घरं कोयता घेऊन निघतात. शाळा सुटते, क्रम मोडतो, मूल फडावर. थेरपी इथे संपली, असं कुणालाही वाटेल. एका आईने निघताना मला विचारलं, ‘ताई, कोपीवर फोन लागतो. चालंल का?’ पहाटे अंधारात उठून मोळ्या बांधणारी बाई. व्हिडिओ चालत नव्हता, म्हणून थेरपिस्ट रात्री दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायच्या आणि ती तेवढ्याच लांबीचं उत्तर द्यायची. आज भावाला मारलं नाही. आज दोन वेळा सांगितल्यावर पाणी आणलं. कधी नुसतं, आज काही जमलं नाही. तिने चित्रांचं वेळापत्रक कोपीच्या कुडाला खोचलं होतं.

सगळ्यांचं असं टिकत नाही. काहींचा फोन विकला जातो, काहींचा नंबर बदलतो, काही मुलं परत येतात तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पण त्या आईने मला शिकवलं, की कोण पाठपुरावा करेल आणि कोण नाही, हे घराकडे पाहून ठरवायचा अधिकार कुणालाच नाही.

११. शाळा सोबत नसेल तर निम्मं काम वाया जातं.

मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतं. एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून थेरपिस्टशी बोलणं सुरू केलं. मुलाला पुढच्या बाकावर घेतलं, गणितं चार-चारच्या तुकड्यांत दिली, वह्या वाटायचं आणि घंटा द्यायचं काम त्याच्याकडे सोपवलं. हलल्याशिवाय ज्याला राहवत नाही, त्याला हलण्याचं मानाचं कारण मिळालं. यात पैसा लागला नाही.

कायद्याची बाजू मात्र अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न मुलाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. नुसता एडीएचडी असलेल्या मुलाला ही दारं बंद. त्याच्या आईला मी काय सांगू? तुझ्या लेकराची अडचण खरी आहे, पण यादीत नाही? हे वाक्य उच्चारणं मला जमत नाही. ते बदललं पाहिजे.

१२. उशीर म्हणजे अभाव नव्हे.

अमेरिकेत २००७ साली मेंदूच्या प्रतिमांचा एक अभ्यास झाला. एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूचं बाह्यावरण पक्व होण्याचा क्रम इतरांसारखाच, पण सरासरी तीन वर्षं मागे होता. विशेषतः स्वतःला आवरणारा, आखणी करणारा भाग. हे मी पालकांना सांगते तेव्हा कुणीतरी शेतकरी बाप चटकन म्हणतो, म्हणजे पेरणी उशिरा झालेली तूर. तिला कुणी मृगावर पेरलेल्या तुरीशी जोखत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडून थांबण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाएवढी अपेक्षा ठेवली, की घरातला निम्मा संताप कमी होतो. सगळ्यांचं सगळं वयाबरोबर निवळतं असं नाही, अनेकांना मोठेपणीही हे सोबत घेऊन जगावं लागतं. पण मधल्या वर्षांत त्या मुलाने स्वतःबद्दल काय ऐकलं, ‘वाया गेलेलं’ की ‘जमंल तुला’, यावर पुढचं फार अवलंबून असतं.

उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. २ ते ९ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी जोडलेली एखादी तरी अडचण दिसली. म्हणजे प्रत्येक वर्गात, प्रत्येक गल्लीत असं लेकरू आहे. त्या सगळ्यांसाठी तालुक्यातालुक्यात तज्ज्ञ यायला वेळ लागेल. पण मुलाशेजारी बसणारं, सेशनमध्ये सांगितलेलं दुसऱ्या दिवशी करून घेणारं, आईला धीर देणारं एक शिकवलेलं माणूस प्रत्येक मोठ्या गावात आज उभं करता येईल. अंगणवाडीताई, आशाताई, शिक्षक, शिकलेली सून, कुणीही. त्या माणसाला प्रशिक्षण द्या, वेळ द्या, मानधन द्या, एवढीच माझी मागणी आहे. तज्ज्ञ लांब असले तरी भागतं, हे आमच्या घरांनी दाखवून दिलं आहे. शेजारचं माणूस लांब असून भागत नाही.